ऑस्टिओपोरोसिसचं औषध सुरू करताना: रिपोर्ट हातात आल्यावर पुढे काय?

माझं मनगट मोडलं तेव्हा मी ६१ वर्षांची होते. पायपुसण्यावरून पाय सरकला, हात टेकवला आणि कट्ट आवाज आला. सहा आठवडे प्लास्टर, मग बोटं-मनगट फिरवण्याचे व्यायाम, आणि विषय संपला. हाड इतक्या सहज का मोडलं, हे प्लास्टर घालणाऱ्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पडलं की मोडायचंच, असं आपण धरून चालतो. दोन वर्षांनी पाठदुखीसाठी एक्स-रे काढला तेव्हा एक मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. तो कधी दबला, काय उचलताना दबला, हे मला आजही सांगता येत नाही.

मग ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, आठवड्याची गोळी सुरू झाली. ती मी चुकीची घेतली, कोणाला न सांगता सोडली, सात महिने तशीच राहिले आणि शेवटी वर्षातून एकदा घ्यायच्या सलाईनवर आले. या धडपडीत एक कळलं. सुरुवातीला आपण सगळे 'कोणतं औषध चांगलं?' यावरच अडून बसतो. पहिल्या भेटीत विचारायला हवं ते वेगळंच: हे किती वर्षं घ्यायचं, आणि थांबवलं की त्यानंतर काय? कारण काही औषधं थोडी मागेपुढे झाली तरी निभावतं, आणि काही नुसती थांबवली तर मणके मोडू शकतात.

मी डॉक्टर नाही. औषध आणि मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवणार. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे तुमच्या डोक्यात असावं, एवढ्यासाठी हा लेख.

१. निदान कशावरून झालं ते समजून घ्या

हाडांची घनता मोजायच्या तपासणीला डेक्सा म्हणतात. कपड्यांसकट टेबलावर झोपायचं, वरून एक दांडा सरकतो, काही मिनिटांत काम होतं. दुखत नाही, किरणोत्सर्गही अगदी थोडा. रिपोर्टमध्ये कंबरेचे मणके आणि खुबा यांचे आकडे असतात. त्यातला 'टी-स्कोअर' म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या रेषा आजही वापरतात: उणे १ किंवा त्याहून वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी झालेली, म्हणजे ऑस्टिओपेनिया, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस. पाळी चालू असलेल्या बायका आणि ५० च्या आतले पुरुष यांच्यासाठी समवयस्कांशी तुलना करणारा 'झेड-स्कोअर' बघतात.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे, आकडा उणे २.५ पर्यंत पोचला नाही म्हणून निर्धास्त होतात. उभ्या उंचीवरून नुसतं पडून खुबा मोडला असेल किंवा मणका दबला असेल, तर आकडा काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरतात. माझा खुब्याचा आकडा उणे २.३ होता. दबलेला मणका दिसला नसता तर 'अजून वेळ आहे' असं म्हणून मी घरी आले असते.

दुसरं फसणं उलट्या बाजूचं. वयानुसार कंबरेच्या मणक्यांना झीज होते, कडेला हाडाच्या चोची वाढतात, आणि यंत्र तेही हाड म्हणूनच मोजतं. त्यामुळे खुबा वाईट आणि कंबर चांगली असा रिपोर्ट आला, तर कंबरेच्या आकड्यावर खूश होऊ नका. टाचेवर ठेवायच्या छोट्या यंत्राचा निकाल हाती असेल तर ती फक्त चाळणी समजा. औषध ठरवायला डेक्साच लागते.

ऑस्टिओपेनियावाल्यांनी डॉक्टरांना 'फ्रॅक्स'बद्दल विचारावं. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड, धूम्रपान असं सगळं भरलं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. औषध हवं की नको, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं.

२. हाड का झिजलं, हे आधी शोधा

पाळी गेली, वय झालं, ही कारणं बहुतेकांना लागू असतात. पण मागे दुसरं काही लपलेलं असू शकतं: थायरॉइड जास्त चालणं, पॅराथायरॉइड ग्रंथीचा बिघाड, किडनीचा आजार, आतड्यांत पोषण नीट न शोषलं जाणं, क्वचित रक्ताचा एखादा कर्करोग. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर ते नक्की सांगा. पुरुषांना हा आजार होत नाही असं समजू नका. त्यांच्यात तर कारण आणखी कसून शोधतात, टेस्टोस्टेरॉनही तपासतात.

म्हणून औषधाआधी साधारणपणे कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला), अल्कलाइन फॉस्फटेज, थायरॉइड आणि रक्ताची सर्वसाधारण तपासणी होते. गरज वाटली तर पॅराथायरॉइडचं संप्रेरक आणि प्रथिनांची तपासणीही करतात.

या तपासण्या टाळून थेट इंजेक्शन घ्यायची घाई करू नका. रक्तातलं कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी असताना जोरदार औषध दिलं, तर कॅल्शियम आणखी खाली जातं. तोंडाभोवती मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात, आणि गंभीर झालं तर हृदयाचे ठोकेही बिघडतात. ती उणीव आधी भरून काढायची असते. त्यात काही आठवडे गेले तर जाऊ द्या, वर्षानुवर्षं झिजलेलं हाड तेवढं थांबतं.

३. दात दाखवून घ्या

जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येणं, हा या औषधांचा बदनाम झालेला दुष्परिणाम. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो फार विरळ आहे. वर्षाला दहा हजार जणांमागे एक ते लाखामागे एक, असा त्याचा अंदाज दिला जातो. कर्करोगासाठी हीच औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, तिथे तो जास्त दिसतो. ऐकीव गोष्टींत मात्र या दोन्हींची सरमिसळ होते.

तरीही दाढ काढायची असेल, इम्प्लांट बसवायचं असेल, तर ते शक्यतो औषधाआधी उरकून घ्या. औषध सुरू झाल्यावर दातांच्या डॉक्टरांना त्याचं नाव सांगा. आणि दाढ काढायची म्हणून स्वतःच्या मनाने औषध थांबवू नका. का, ते दहाव्या पायरीत येईलच.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचं

- डेक्साचा पूर्ण रिपोर्ट, नुसता शेरा नाही. कोणत्या केंद्रात, कोणत्या यंत्रावर केली तेही त्यावर असावं
- रक्ताचे रिपोर्ट
- आधी मोडलेल्या हाडांचे एक्स-रे, आणि ती कशी मोडली याची चार ओळींची नोंद
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. ॲसिडिटीच्या, थायरॉइडच्या आणि 'जीवनसत्त्वाच्याच तर आहेत' अशा गोळ्यांसकट
- तरुणपणची उंची. आठवत नसेल तर एखाद्या जुन्या ओळखपत्रावर मिळेल. चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणके नकळत दबलेले असू शकतात आणि पाठीचा एक्स-रे काढावा लागतो
- हृदयविकार, पक्षाघात, पायात रक्ताची गुठळी, किडनीचा आजार, अन्ननलिकेचा त्रास, कर्करोग किंवा त्यासाठी घेतलेले किरणोपचार यांपैकी काही झालं असेल तर त्याचे कागद

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण कोणतं औषध चालणार नाही हे त्यावरून ठरतं.

५. औषधांचे पर्याय

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. त्यात कायम दुरुस्ती चालू असते. एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खरवडतात, दुसऱ्या तिथे नवं भरतात. वयाबरोबर खरवडणं भरण्याच्या पुढे जातं. म्हणून औषधंही दोन जातींची: खरवडणं रोखणारी आणि भरणं वाढवणारी.

बिस्फॉस्फोनेट ही रोखणाऱ्यांतली सगळ्यात जुनी आणि बहुतेकांची पहिली औषधं. अलेंड्रोनेट आठवड्याला ७० मिलिग्रॅम, रायसेड्रोनेट आठवड्याला ३५, इबँड्रोनेट महिन्याला १५० मिलिग्रॅम, आणि झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम सलाईनमधून. अलेंड्रोनेटच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, आधी मणका दबलेल्या बायकांमध्ये मणक्याची आणि खुब्याची फ्रॅक्चर साधारण निम्म्यावर आली होती. इबँड्रोनेटचा खुब्यासाठीचा पुरावा तितका भक्कम नाही. महिन्यातून एकदाच घ्यायची म्हणून तीच द्या, असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. किडनी बरीच कमजोर असेल तर ही औषधं चालत नाहीत.

डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी कातडीखाली टोचतात. प्रभावी आहे, किडनीवर अवलंबून नाही, पोटाला त्रास नाही. मात्र किडनीचा आजार खूप पुढे गेलेल्यांत, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांत, कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. आणि हे औषध मध्येच सोडण्याची सोय नाही.

टेरिपॅराटाइड हे हाड भरणारं औषध. रोज २० मायक्रोग्रॅम, पेनने स्वतः टोचून घ्यायचं, साधारण दीड ते दोन वर्षं. मणके मोडलेल्या, घनता फारच घसरलेल्या रुग्णांना हे आधी देण्याकडे आता कल आहे. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं (बर्फाच्या कप्प्यात नाही) आणि उघडल्यापासून २८ दिवसांनी आत औषध उरलं तरी टाकून द्यायचं. सुरुवातीला टोचल्यावर चक्कर येऊ शकते, तेव्हा पहिले काही दिवस बसूनच टोचा. हाडांवर किरणोपचार झालेल्यांना किंवा हाडांत कर्करोग पसरलेल्यांना हे देत नाहीत.

रोमोसोझुमॅब भरतंही आणि रोखतंही. महिन्यातून एकदा, बारा महिने. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत.

रॅलॉक्सिफेन रोजची गोळी आहे. मणक्यांना उपयोगी पडते, खुब्याला उपयोग सिद्ध झालेला नाही. स्तनाच्या कर्करोगाची शक्यता कमी करते, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते आणि अंगातून वाफा येणं वाढू शकतं. पाळी नुकतीच गेली असेल आणि तशा वाफांचा त्रास असेल, तर काहींना संप्रेरकांचे उपचारही देतात. ते वय आणि इतर धोके बघून.

माझं मत विचाराल तर 'नवं म्हणजे जास्त चांगलं' हा हिशोब इथे लावू नका. तुमची हाडं किती बिघडलीत, कोणती अडचण आहे आणि तुम्ही काय नेमाने घ्याल, यावर ठरवा. नेमाने न घेतलेली गोळी कपाटात पडून राहते. माझी राहिली होती.

६. गोळी असेल तर: तो सकाळचा अर्धा तास

बिस्फॉस्फोनेटची गोळी नीट घेतली तरी तिच्यातलं एक टक्काही औषध शरीरात जात नाही. पोटात इतर काही असेल तर तेवढंही जात नाही. म्हणून नियम कडक आहेत:

१. आठवड्याचा एक वार पक्का करा.
२. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळा. चघळायची किंवा चोखायची नाही. चहा, कॉफी, दूध, रस, खनिजयुक्त पाणी यांतलं काहीही चालत नाही.
३. त्यानंतर किमान अर्धा तास (इबँड्रोनेटसाठी एक तास) काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी गोळी घ्यायची नाही आणि आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते.

माझा वार रविवार. पहिल्या महिन्यात मी पाण्याचे दोन घोट घेऊन गोळी गिळायची आणि रविवारच आहे म्हणून परत अंथरुणात शिरायची. छातीच्या मध्यभागी जळजळायला लागलं तेव्हा मी ॲसिडिटीची गोळी घेतली, तीही लगेच. शिवाय कॅल्शियमची गोळीही 'सगळं एकदमच' म्हणून सोबतच. थोडक्यात, औषध फुकट आणि त्रास पदरात. नंतर मी खिडकीपाशी उभी राहून कुंड्यांची वाळकी पानं खुडायला लागले. अर्धा तास असा जातो. पण तोवर घशाने धसका घेतला होता आणि मी गोळी सोडली, डॉक्टरांना न विचारता. तुम्हाला जळजळ झाली किंवा गिळताना दुखलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. पर्याय असतात.

थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच लागते, त्यामुळे दोन्हींची एकाच सकाळी टक्कर होते. माझी थायरॉइडची गोळी डॉक्टरांनी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन-चार तासांनी घ्यायला सांगितली. तुमचं वेळापत्रक वेगळं ठरू शकेल, पण प्रश्न विचारून ठेवा.

वार चुकला तर आठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या आणि पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वारी या. एका दिवशी दोन कधीच नाहीत. आणि आठवड्याची गोळी रोजची समजून घेणारेही मी पाहिलेत. पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा.

७. सलाईन असेल तर

आधी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासतात, दरवर्षी. जाण्याआधी दोन पेले पाणी प्या, उपाशी जाऊ नका. औषध किमान १५ मिनिटं घेऊन सोडतात, माझ्या वेळी अर्धा तास लागला.

खरी गंमत त्या रात्री. पहिल्या वेळी जवळपास तीनातल्या एकाला ताप, अंगदुखी, डोकेदुखी असं फ्लूसारखं होतं. मला तर कूस बदलताना बरगड्यांपर्यंत ठणकत होतं. तीन दिवसांत उतरलं. डॉक्टरांनी चालतं म्हटलं असेल तर पॅरासिटामॉल घरात आणून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका. दुसऱ्या वर्षी हा त्रास बहुतेकांना खूपच कमी होतो. मला जेमतेम कणकण आली. मात्र डोळे लाल होऊन दुखायला लागले किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दाखवा.

८. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व

ही औषधाच्या जोडीला असतात, औषधाऐवजी नाही. दिवसाला आहार आणि गोळ्या मिळून साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. आहारातून ८०० मिळत असेल तर १००० ची गोळी कशाला? एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमहून जास्त नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, सायट्रेट केव्हाही चालतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांना सायट्रेट बरं पडतं. थायरॉइडच्या गोळीपासून कॅल्शियम चार तास लांब ठेवा.

९. औषध लागू पडतंय का?

कळत नाही. यात बरं वाटणं असं काही नसतंच, कारण ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. 'फरक पडला नाही' म्हणून औषध सोडणारे सगळे इथेच फसतात. डेक्सा पुन्हा एक-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच यंत्रावर. मी दुसरी डेक्सा सोयीसाठी दुसरीकडे केली आणि आकडे घसरलेले बघून दोन रात्री झोपले नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन तराजूंची वजनं अशी ताडून बघायची नसतात." त्याच यंत्रावरही दोन-तीन टक्क्यांचा फरक मोजमापातलाच असू शकतो. आकडा स्थिर राहिला तरी ते यशच. काही डॉक्टर 'सीटीएक्स' नावाची रक्ततपासणी करून हाड खरवडण्याचा वेग बघतात, ती सकाळी उपाशीपोटी देतात.

आणि पडणं टाळा. सैल पायपुसणी, अंधारातला जिना, झोपेच्या गोळ्या, जुना चष्मा. माझं पायपुसणं मी प्लास्टर निघण्याआधीच फेकलं.

१०. थांबवणं आणि बदलणं

बिस्फॉस्फोनेट हाडात जाऊन बसतं आणि बंद केल्यावरही काही काळ काम करत राहतं. म्हणून गोळी पाच वर्षं किंवा सलाईन तीन वर्षं झाल्यावर, धोका कमी असेल तर, डॉक्टर काही काळ सुट्टी देतात. सुट्टीचं दुसरंही कारण आहे. फार वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड मधोमध, विचित्र पद्धतीने मोडू शकतं. त्याआधी अनेकदा मांडीत किंवा जांघेत बोथट दुखणं सुरू होतं. असं दुखलं तर थांबून न राहता डॉक्टरांना सांगा आणि दोन्ही मांड्यांचे एक्स-रे करून घ्या. हे फ्रॅक्चर विरळ आहे. औषधाने टळणारी फ्रॅक्चर त्याच्या कितीतरी पट जास्त असतात.

डेनोसुमॅबला मात्र सुट्टी नाही. ते हाडात साठत नाही. असर उतरला की दबून राहिलेलं खरवडणं उसळून येतं आणि काहींचे एकामागून एक मणके दबतात. सहा महिन्यांची तारीख चार आठवड्यांहून जास्त पुढे जाऊ देऊ नका. प्रवास, लग्नकार्य, दातांचं काम, काहीही असो. बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी बिस्फॉस्फोनेट कधी सुरू करायचं हे आधी ठरवून घ्या. टेरिपॅराटाइड आणि रोमोसोझुमॅब यांचंही तसंच: मुदत संपली की लगेच रोखणारं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर मिळवलेलं हाड निघून जातं. डेनोसुमॅबवरून टेरिपॅराटाइडकडे जाणं सहसा टाळतात, कारण त्या क्रमाने खुब्याचं हाड कमी होतं.

माझी तिसरी सलाईन गेल्या महिन्यात झाली. मणका आधीच दबलेला, त्यामुळे मला इतक्यात सुट्टी नाही, आणखी काही वर्षं चालू ठेवायचं ठरलंय. पुढची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, त्याच्या दोन आठवडे आधीची क्रिएटिनिनची तारीखही. आणि दोन्ही मुलीच्या फोनमध्येही टाकल्या आहेत, कारण मागच्या वेळी चिकटवलेला कागद मी साफसफाईत काढून टाकला होता.